भाजकांचं रेशन

लग्न होऊन मी नांदगावहून नाशिकरोडला आले, तेव्हा जेल रोडच्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाने मला काही ना काही विचारलं. नाव, माहेर, शिक्षण, पोळ्या येतात का. एकीने तर पाटल्या सोन्याच्या की मुलाम्याच्या तेही विचारून घेतलं. शेजारच्या घरातले म्हातारे गृहस्थ तेवढे फाटकापाशी थांबले, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "आवडता आकडा कोणता गं तुझा? एक ते नऊमधला सांग."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलेलं दिसतंय. पण नव्या नवरीने कुणाला तोडून बोलायचं नसतं, म्हणून मी आपलं म्हटलं, "सात."

त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि लग्नासाठी नुकत्याच रंगवलेल्या आमच्या भिंतीवर १२३४५६७९ असा आकडा लिहिला. "यात आठ नाही. विसरलो नाही, मुद्दाम गाळलाय. आता सात नव्वे त्रेसष्ट. याला त्रेसष्टने गुण. घाई नाही, सावकाश कर." एवढं बोलून ते आपल्या घरात निघून गेले.

माझं आणि गणिताचं वैर जगजाहीर होतं. मॅट्रिकला काठावर पास झाले तेही मास्तरांच्या कृपेने. तरी त्या दिवशी कुकर नसलेल्या माझ्या नव्या स्वयंपाकघरात, भाताचं पातेलं चुलीवर ठेवून, मी आमच्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर तो गुणाकार केला. खाली उत्तर आलं ते सगळे सात. एकामागे एक नऊ सात. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गणिताने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं नव्हतं. मी उलथनं हातात घेऊन तशीच बाहेर धावले. ते ओट्यावर बसलेच होते. माझ्याकडे न बघता नाक वर करून म्हणाले, "भात लागला वाटतं."

हे खैरनार सर. एका हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे एरवी शुद्ध, शाळेतली मराठी बोलत, पण आनंदात असले की अहिराणी बाहेर पडायची. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशाखाली खडूच्या पुडीचा एक कायमचा डाग. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, असेपर्यंत तो डाग रोज धुतला जाई. त्या गेल्यावर डागाने तिथे घरच केलं.

सरांना आकडे माणसांसारखे दिसायचे. "शहाण्णव बघ," म्हणायचे, "गावभर ओळखी. दोनच्या घरी जेवतो, तीनच्या घरी चहा पितो, आठ, बारा, सोळा, चोवीस, कुणाकडेही हक्काने जातो. आणि त्याच्या शेजारचा सत्त्याण्णव? कुणाच्या उंबऱ्याला शिवणार नाही. एक आणि स्वतः, बस." अशा कुणानेच भाग न जाणाऱ्या संख्यांना मूळ संख्या म्हणतात, हे मी शाळेत घोकलेलं होतं. त्या गर्विष्ठ असतात हे मला सरांनी सांगितलं. सोसायटीतल्या पोरांना ते खाऊसुद्धा मूळ संख्येत द्यायचे. दोघा भावंडांना सात लाडू, तिघांना अकरा पेरू. मग घराघरांत भांडणं. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "भांडण झाल्याशिवाय भागाकार कळत नाही, सुमन."

दुसरी सवय ताळ्याची. संख्येतले सगळे आकडे मिळवत जायचं, एक आकडा उरेपर्यंत. नऊ आला की सोडून द्यायचा, तो धरायचा नाही. गुणाकार-भागाकार बरोबर आहे का हे त्यावरून तपासतात. आमच्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होतं, आमच्या पिढीला परीक्षेपुरतं. सर मात्र दिसेल त्या नंबराचा ताळा काढायचे. एस.टी., स्कूटर, पोस्टमनची सायकल. आठ आला तर खूश. आठ हा त्यांचा घरचा आकडा. त्यांना बिटको चौकात जायचं असलं आणि आठाची रिक्षा मिळाली नाही, तर ते उन्हात दोन रिक्षा सोडून द्यायचे.

आठच का, तर त्याचं कारण म्हणजे सतरा एक.

एकापुढे एक असे सतरा वेळा एक लिहिले की जी संख्या होते, ती. ११,११,११,११,११,११,११,१११. आकड्यांची बेरीज सतरा, सतराचे आठ. सर ती मोठ्याने वाचायचे, एक मध्य, एक अंत्य, एक जलधी, एक शंकू, असं करत खाली एककापर्यंत. परार्धाच्या एक घर अलीकडची संख्या. तिला कशाने भाग जातो का, की ती सत्त्याण्णवसारखी कुणाच्याच दारात न जाणारी आहे, एवढंच त्यांना शोधायचं होतं. पाच एकांना भाग जातो, एक्केचाळीसने, आणि भागाकार दोनशे एक्काहत्तर येतो. सात एकांना जातो, अकरा एकांना जातो, तेरा एकांनाही जातो, हे त्यांनी नोकरीत असतानाच करून ठेवलं होतं. सतरा एक मात्र दाद देत नव्हते.

वाटेल त्या संख्येने भागून बघायची गरज नव्हती. सतरा एकांना भाग जायचा तर चौतिसाच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल, हे त्यांनी मला निदान चार वेळा समजावून सांगितलं, आणि मला चारही वेळा समजलं, आणि घरी येईपर्यंत पुन्हा गेलं. तरी अशा संख्या थोड्याथोडक्या नव्हत्या. दहा कोटींच्या पलीकडे जाईपर्यंत भागत राहायचं होतं. "फुटली तर लवकर फुटेल," सर म्हणायचे, "नाही तर आपल्या नातवंडांना पुरेल."

दिंडोरीहून रामनाथ नावाचा एक द्राक्षवाला रविवारी आमच्याकडे टोपली घेऊन यायचा. त्याने एकदा न राहवून विचारलं, "सर, हे येकापुढं येक लिवून पिकतं काय?"

"काही पिकत नाही," सर म्हणाले.

"मंग कशापायी करता?"

"तू पोरीच्या लग्नात नाचलास ना रामनाथ? त्याचं काय पिकलं?"

रामनाथ हसत टोपली उचलून गेला आणि पुढच्या वेळी सरांसाठी द्राक्षांचा घड वेगळा बांधून घेऊन आला.

काकू गेल्या तेव्हा सरांचा मुलगा अरुण बडोद्याहून आला होता. तिथे कारखान्यात इंजिनियर. चांगला मुलगा हो, वाईट एक शब्द बोलायला जागा नाही. म्हणाला, "नाना, आता इथे एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला." सर म्हणाले, "हातातलं गणित टाकून उठत नाही मी. सतरा फुटली की येतो." अरुण त्यांच्याच हाताखाली वाढलेला. अर्धं गणित सोडून पाण्याला उठलं तरी हा माणूस कान पिळायचा, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "शब्द?" सर म्हणाले, "शब्द."

तेव्हापासून आम्हाला सगळ्यांनाच ती संख्या आवडायला लागली. ती फुटत नव्हती तोवर सर आमचे होते.

आणि सर आमचे असणं म्हणजे काय, ते कमलताईंना विचारावं. कमलताई गांगुर्डे आमच्या मागच्या ओळीत राहायच्या. नवरा अपघातात गेला तेव्हा पदरात दोन मुली आणि शिक्षण सातवी. लोकांच्या घरी शिवणकाम करायच्या. सर एकदा शर्ट उसवला म्हणून गेले आणि शर्टाबरोबर त्यांना मॅट्रिकचा फॉर्म भरायला लावून आले. अपूर्णांक म्हटलं की कमलताईंना घाम फुटायचा. सर त्यांच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसायचे, "पाऊण मीटर आणि सव्वा मीटर कापड तू डोळे मिटून कापतेस, मग कागदावर काय भूत बसलंय का?" असं म्हणत. कमलताई बाहेरून परीक्षेला बसल्या, पास झाल्या, नगरपालिकेत कारकून लागल्या. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आल्या तेव्हा सरांनी पेढा नंतर खाल्ला, आधी विचारलं, "गणितात किती?" आणि आकडा ऐकून त्याचा ताळा काढला.

आणीबाणी उठली त्या सुमाराला सरांना मोतीबिंदू झाला. आकडे फुटके दिसू लागले. तीनचा आठ, एकचा सात. महिनाभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एका रविवारी मी वाटीभर आमटी द्यायला गेले, तर सर खडू हातात घेऊन नुसते बसलेले. म्हणाले, "सुमन, माझा भागाकार गेला गं." काकू गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

मी पटकन म्हटलं, "तुम्ही भाजक सांगा, मी करून देते." बोलून गेले आणि मग मनात म्हटलं, बाई, हे काय मागून घेतलंस.

तिथून सुरुवात झाली. मी एक घेतला, कमलताईंनी दोन घेतले, आमच्या ह्यांनी "मला वीज मंडळात कमी आकडे आहेत का" म्हणत कुरकुरत दोन घेतले. बघता बघता सगळी सोसायटी त्यात आली. रविवारी सकाळी सरांच्या ओट्यावर सगळे जमायचे. सर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात भाजक लिहून ठेवायचे आणि घरटी पाच-पाच वाटायचे. याला त्यांनीच नाव दिलं, भाजकांचं रेशन. त्या काळात साखर, रॉकेल, पामतेल, सगळंच रांगेत उभं राहून मिळायचं, त्यामुळे नाव चिकटलं. "माझं रेशन उचलायचं राहिलं," असं माणसं रस्त्यात एकमेकांना सांगायची. रामनाथसुद्धा न्यायचा. द्राक्षाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कोळशाने केलेले त्याचे भागाकार लय मोठे असायचे, एकेक आकडा पेरूएवढा, आणि सरांना तेवढेच स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायचे.

पुढच्या रविवारी भागाकार आणि बाकी घेऊन यायचं. वाचून दाखवायचं काम माझं. सर डोळे मिटून ऐकायचे, बोटांवर ताळा काढायचे आणि विचारायचे, "बाकी कितली शे?" म्हणजे किती आहे. बाकी म्हणजे भागून उरलेली संख्या. ती शून्य आली तर संख्या फुटली. लाखालाखांच्या बाक्या यायच्या, शून्य कधी आलं नाही. ताळा चुकला तर सर रागवायचे नाहीत, चिठ्ठी परत द्यायचे. "चुकलं तर चालतं. मुद्दाम चुकवू नका म्हणजे झालं. ज्याने उत्तर बघून गणित वाकवलं, त्याच्याकडे मी पाणी पिणार नाही." हे वाक्य त्यांनी वर्गात किती पिढ्यांना ऐकवलं असेल कोण जाणे.

पुढे डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला, पण रेशन काही बंद झालं नाही. लोकच सोडेनात.

मध्ये एकदा कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक आले. कुठून तरी ऐकून, मोठ्या आदराने आले होते. म्हणाले, "सर, हे पुस्तकात असणार. मोठमोठ्या संख्यांचे अवयव लोकांनी केव्हाच काढून ठेवलेत. मी ग्रंथालयात बघून सांगतो." सरांनी एकदम हात जोडले. "बघा. जरूर बघा. पण मला सांगू नका. मी जेवायला बसलोय, आणि तुम्ही आमटी कशी झालीय ते सांगताय." प्राध्यापक लाजले. जाताना तेही पाच भाजक घेऊन गेले.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. आम्ही वीस लाखांच्या पुढे आलो होतो. एका रविवारी नेहमीसारखी मी वाचत होते. कमलताईंची चिठ्ठी हातात आली. त्या नेहमी माझ्या शेजारी बसायच्या, त्या दिवशी कडुनिंबाखाली उभ्या होत्या.

"भाजक वीस लाख एक्काहत्तर हजार सातशे तेवीस," मी वाचलं. मग दहा आकडी भागाकार वाचला. शेवट तीनशे सत्तावन्न. "बाकी नऊ."

सरांची बोटं हलली. भाजकाचे चार, भागाकाराचे दोन, चार दुणे आठ. बाकीचे नऊ, ते ताळ्यात धरायचेच नाहीत. आठाला आठ. ताळा जमला. मी पुढची चिठ्ठी उचलली.

"थांब," सर म्हणाले. "एवढ्या मोठ्या भाजकाला एवढीशी बाकी? भागाकाराचा शेवटचा आकडा कोणता?"

"सात."

"भाजकाचा?"

"तीन."

"सात त्रिक एकवीस. म्हणजे गुणाकाराच्या शेवटी एक. त्यात बाकी नऊ मिळवली तर?"

"दहा," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे शेवटी शून्य. आणि आपल्या संख्येच्या शेवटी काय आहे?"

हे सांगायला कुणाला गणित यायची गरज नव्हती. आमच्या संख्येत एकाशिवाय दुसरं काही नव्हतंच. सरांनी चष्मा काढून कडुनिंबाकडे तोंड केलं. "कमल, बाकी कितली शे?"

कमलताईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "शून्य."

"मग नऊ का लिहिलेस?"

"ताळ्यात नऊ धरत नाहीत. तुम्हीच शिकवलंत." आणि मग बांध फुटल्यासारख्या रडायला लागल्या. "शून्य लिहिलं तर तुम्ही जाल ना सर. मी तीनदा भागलं. तिन्हीदा शून्यच येतंय, मी काय करू?"

मला वाटलं, आता सर रागावणार. कमलताईंकडे पाणी पिणार नाहीत. पण ते हसायला लागले, अगदी खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, "सातवी पास बाईला मी ताळा शिकवला आणि तिने मलाच त्यात गंडवलं होतं. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं." मग त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिने फोडली. सतरा हिने फोडली. पेढे आणा."

पेढे आले. ज्याने त्याने हातातच धरून ठेवले. आमच्या ह्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "सर, तो जो दहा आकडी भागाकार आलाय, त्याचेही आणखी तुकडे होत असतील की. तेवढं काम तर राहिलंच असेल."

सरांनी एकदा "असेल" म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. ते म्हणाले, "त्याचे तुकडे व्हायचे तर एक तुकडा चौऱ्याहत्तर हजारांच्या आत असायला हवा. चौऱ्याहत्तर हजारांपर्यंत आपण सगळं भागून आलोय. तो असता तर तेव्हाच सापडला असता. नाही हो, काम संपलं." आणि त्याच दुपारी त्यांनी बडोद्याला पत्र टाकलं, सतरा फुटली, ये.

तो आठवडा सोसायटीत सुतक असल्यासारखा गेला. कमलताई कामाला जायच्या आणि परत येऊन दार लावून घ्यायच्या. मला सरांचा राग आला होता, खरं सांगते. एवढं काय ते खरं बोलणं, की माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं घर उठवावं?

रविवारी अरुण आला. सरांची ट्रंक बांधून ओट्यावर ठेवली होती. लोक जमले, पण या वेळी कुणाच्या हातात चिठ्ठी नव्हती. तेवढ्यात कमलताई पुढे आल्या आणि दर रविवारसारखा हात पुढे केला. "सर, माझं रेशन?"

"दुकान बंद झालं गं," सर म्हणाले.

"सतराचं झालं. एकोणीस एकांचं कुठे झालंय?"

सरांनी मान वर केली. कमलताई पाठ करून आल्यासारख्या म्हणाल्या, "अठरा एकांत काही दम नाही, त्यांना तीनने जातो, अकराने जातो. पुढची एकोणीसच. चौतीसच्या जागी अडतीसचा पाढा घ्यायचा आणि एक मिळवायचा. बरोबर ना?"

सरांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. आतून दिवा लावल्यासारखा तो चेहरा झाला, आणि त्यांनी तो लगेच विझवला, कारण शेजारी अरुण उभा होता आणि त्याला शब्द दिलेला होता.

अरुणने विचारलं, "नाना, एकोणीसला किती वेळ लागेल?"

दोन-चार वर्षं असं म्हणतील तर जमेलही, असं मला वाटत होतं. पण हा माणूस. त्यांनी मनात काहीतरी गुणलं, भागलं, आणि म्हणाले, "फुटली तर सांगता येत नाही. नाही फुटली तर आपल्या या वेगाने, हजारेक वर्षं." मग हळूच म्हणाले, "परार्धाच्या पलीकडे जाते ती. तिच्या पहिल्या एकाला तर आपल्याकडे नावसुद्धा नाही."

अरुण ट्रंकेवर बसला. वडिलांकडे बघितलं, मग कमलताईंच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. मग त्याने स्वतःचा हात पुढे केला. "मलाही द्या पाच. बडोद्याला घेऊन जातो. दर रविवारी कार्डावर बाकी कळवीन. आणि दिवाळीत तुम्ही यायचं, दुकान बंद ठेवून. शब्द?"

"शब्द," सर म्हणाले आणि खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातातच होता.

त्या दिवसापासून सरांचा घरचा आकडा बदलला. एकोणीसचे दहा, दहाचा एक. आता ते एकाच्या रिक्षेसाठी उन्हात उभे राहायला लागले. अरुणची कार्डं यायची, ताळा न चुकता. सर दिवाळीला बडोद्याला जायचे आणि तिकडच्या शेजाऱ्यांना पाच-पाच भाजक वाटून यायचे. माझ्या मुलीला त्यांनी पाढे शिकवले ते लाडूंवर, आणि ती पुढे गणितच शिकली, याचं श्रेय मी उगाच माझ्याकडे घेत नाही. मलासुद्धा त्यांनी काय दिलं ते मी इथे नीट सांगू शकेन असं वाटत नाही. एवढं सांगते, की आजही मन सैरभैर झालं की मी कागद घेऊन एखादा लांबलचक भागाकार करत बसते, आणि तो संपेपर्यंत मी ठिकाणावर आलेली असते. सरांचे उपकार मोजायला बसले तर परार्ध पुरणार नाही, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी अतिशयोक्तीबद्दल मला झापलं.

पुष्कळ वर्षांनी, सर गेल्यानंतर, मुलीने मला सांगितलं, "आई, एकोणीस एक फुटतच नाहीत. ती मूळ संख्या आहे. तसं फार आधीच कुणीतरी सिद्ध करून ठेवलेलं आहे." म्हणजे आम्ही हजार वर्षं भागत बसलो असतो तरी शून्य येणार नव्हतं. कमलताईंना कळवलं तर त्या फोनवर कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या.

माझं सरांचं शेवटचं दर्शन मात्र त्याआधीचं. आमच्या ह्यांची परळीला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं. सर फाटकापाशी उभे, नवा चष्मा लावून. मला वर्षभराचं रेशन बांधून दिलं. परळीला काही कागद मिळत नाही असं नाही, म्हणाले. मी पाया पडले तेव्हा त्यांच्या पायजम्यालाही खडू लागलेला दिसला, आणि मला भरून आलं. माझी अवस्था बघून ते म्हणाले, "जा आता. ट्रकचा नंबर चांगला निघू दे."

ट्रक हलला. मी मागे वळून बघितलं. सर ट्रकच्या नंबराकडे टक लावून बघत होते, ओठ हलत होते. ताळा काढत होते. मग त्यांनी हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एक. घरचा आकडा. काळजी करू नकोस, शकुन चांगला आहे, असं. कोपरा वळेपर्यंत ते बोट तसंच वर होतं.

सिन्नरला ट्रक चहासाठी थांबला. मी खाली उतरले, मागे गेले आणि नंबराची बेरीज केली. पाच आले. पुन्हा केली. पाचच. आकडे हातभर मोठे होते आणि सरांचा चष्मा नवा होता.

मी तिथेच उभी राहून रडत होते. हे चहाचा कप घेऊन आले आणि घाबरून विचारायला लागले, काय झालं, काही राहिलं का घरी. मी म्हटलं, काही नाही, ताळा जमला.